नंबराप्रमाणे मांडलेला कोलू

बाळांनो, मागच्या नवरात्रात इथं काय घडलं ते तुम्हाला फोनवर सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा कुणाला तरी शाळेला उशीर झाला आणि गोष्ट अर्ध्यावर राहिली. आता लिहूनच काढते. आताच लिहायचं कारण म्हणजे गावात या गोष्टीच्या चार आवृत्त्या झाल्या आहेत. एकीत मी रडले असं आहे. मी रडले नव्हते. दुसरीत तुमच्या आजोबांनी सगळं निस्तरलं असं आहे, आणि ती आवृत्ती कुणी पसरवली ते मला ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा नवरात्र येईल आणि पाचवी आवृत्ती निघेल. त्याआधी जिची चूक होती तिनंच सगळं क्रमानं लिहून ठेवलेलं बरं.

भाषेचं एवढंच सांगते. तुमच्या आईनं तुम्हाला पुण्याची मराठी वाचायला शिकवली, म्हणून मीही तशीच लिहिते. आमची घरातली मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेल्या माणसांची. तशी लिहिली तर तुमची आई हसेल आणि तुम्ही दर ओळीला फोन कराल. शिवाय या गोष्टीतली बहुतेक बोलणी तमिळमध्ये झाली आहेत. ती मी मराठीत उतरवली आहेत.

इथं कुंभकोणमला महामहम तळ्यापासून बाजाराकडे वळलं की डाव्या हाताला फोटो स्टुडिओ लागतो. तुमच्या बाबांच्या मुंजीचे फोटो तिथलेच. स्टुडिओ चालवणारा माझा विद्यार्थी, आता साठीला आलेला. भूगोलात बेताचा होता, पण माणसांचे चेहरे एकदा पाहिले की विसरत नाही. त्याच्या वडिलांनी स्टुडिओ काढला तेव्हा एक रीत घालून दिली. गावात कुणी पहिल्यांदा लोकांसमोर गायलं, वाजवलं, नाचलं, नाटकात उभं राहिलं, की त्याला स्टुडिओत बोलवायचं, नीट फोटो काढायचा आणि तो आठवडाभर दर्शनी काचेत लावायचा. कुंभकोणमला कलेची मोठमोठी प्रमाणपत्रं मिळतात, पण घरचे लोक विचारतात ते एवढंच, ‘काचेत लागलास का?’

स्टुडिओच्या माडीवर उत्तरेकडच्या खिडक्यांची एक लांब खोली आहे. पूर्वी तिथं उजेडात फोटो काढायचे. आता सकाळी तिथं नाचाचा वर्ग भरतो, एकादशीला आपल्या लोकांचं विठ्ठलाचं भजन होतं आणि नाटकवाल्यांचे रंगवलेले पडदे गुंडाळून भिंतीशी उभे असतात. स्वामिमलैचे मूर्तिकार नवी पंचधातूची मूर्ती झाली की फोटोसाठी ती तिथंच आणतात. एकदा मी जिना चढले तर नटराज आणि ढोलकीवाला एकाच बाकावर बसून आपापल्या पाळीची वाट पाहत होते.

गेल्या वर्षी स्टुडिओवाल्याच्या बायकोच्या मनात आलं की यंदा नवरात्रात बाहुल्यांचा कोलू मांडायचा नाही, गावातल्या कलावंतांचा मांडायचा. कोलू तुम्ही आपल्या घरी पाहिला आहे: एकावर एक पायऱ्या, वर कलश आणि देव, खाली उतरत उतरत राजाराणी, वाणी, प्राणी. तिची कल्पना अशी, की वरची पायरी देवांची ठेवायची आणि खालच्या आठ पायऱ्यांवर काचेत लागलेली माणसं उभी करायची. जुने फोटो मोठे करून छापायचे, पातळ प्लायवूडवर चिकटवायचे आणि माणसाच्या कडेकडेनं कापून मागे टेकू लावायचा. आमच्याकडे पुढाऱ्यांची अशी कटआउट तीन मजली असतात. ही हातभर उंचीची. कापायचं सगळं काम तिनं स्वतः केलं, बारीक करवतीनं, आणि एका नर्तकीच्या बोटांसाठी अख्खी दुपार घालवली.

मला बोलावलं ते क्रम लावायला. स्टुडिओवाल्याला भीती होती की कोण कुठल्या पायरीवर यावरून गावात भांडणं होतील. मृदंगवाला म्हणणार मी वर, नाटकवाला म्हणणार मी. तो म्हणाला, “टीचर, तुम्ही लावा. तुमच्याशी कोण भांडणार?”

मला अतिशय आनंद झाला. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. स्टुडिओत पहिल्या दिवसापासूनची रजिस्टरं आहेत. प्रत्येक फोटोला नंबर, नंबरापुढे नाव आणि कशासाठी काढला ते. मी ठरवलं की ज्याचा फोटो आधी निघाला तो वर, नंतर निघाला तो खाली. वय नाही, जात नाही, मान नाही, नुसता नंबर. नंबराशी कुणाचं भांडण नसतं. चार दिवस चष्मा लावून मी रजिस्टरं उलटली, प्रत्येक कटआउटच्या पाठीवर पेन्सिलीनं आकडा घातला आणि अमावास्येला मी आणि स्टुडिओवाल्याच्या बायकोनं सगळे मांडले. तुमचे आजोबा बघायला आले आणि म्हणाले, “रेशनची रांग दिसते.” मी लक्ष दिलं नाही.

पहिल्या माळेला संध्याकाळी जी गर्दी झाली! जिन्यावर चढणारे आणि उतरणारे एकमेकांत अडकले. माणसं स्वतःला शोधत होती. तीस वर्षं नाटकात सगळ्यांचे चेहरे रंगवणाऱ्या माणसाला स्वतःचा रंग न लावलेला तरुण चेहरा सापडला आणि तो बायकोला फोन करून म्हणाला, लगेच निघ, मी पाचव्या पायरीवर आहे. नाचाच्या वर्गातल्या मुली आपल्या गुरूबाईंचं दोन वेण्यांचं रूप पाहून खिदळत होत्या. स्टुडिओवाल्याची बायको दारात उभी राहून प्रत्येक बाईला कुंकू लावत होती आणि द्रोणात हरभऱ्याची उसळ देत होती. मी कोलूशेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि विचारील त्याला नंबराची पद्धत समजावून देत होते. मी किती खूश होते ते काय सांगू.

मग अय्या आले.

अय्या म्हणजे नादस्वरम वाजवणारे आमच्या गावचे थोरले वादक. त्यांना सगळे अय्या म्हणतात, मीही तसंच लिहिते. वय ब्याऐंशी. नादस्वरम म्हणजे आपल्या सनईची दुप्पट लांब थोरली बहीण. तिला छातीतला सगळा श्वास लागतो, म्हणून वादक नेहमी दोन असतात. एकाचा श्वास संपत आला की दुसरा तोच सूर अलगद उचलतो, ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही. अय्यांच्या शेजारी चौदा वर्षं त्यांचा शिष्य बसला. अय्यांनी त्याला लहानपणी घरात ठेवून शिकवलं होतं. नऊ वर्षांपूर्वी देवळाच्या उत्सवाच्या दिवशीच शिष्यानं शेजारच्या पापनाशम गावातल्या एका लग्नाची सुपारी घेतली आणि मग तिथंच आपला वेगळा ताफा उभा केला. त्या दिवशी अय्या मिरवणुकीत एकटे वाजवत गेले. त्यानंतर त्यांनी बाहेर वाजवणं सोडलं. दुसरा वादक मिळाला नाही असं नाही. दुसरा त्यांनी घेतला नाही.

स्टुडिओवाला दोन वर्षं त्यांची मनधरणी करत होता. शेवटी ते कबूल झाले होते की सातव्या माळेला माडीवर येईन, दहा मिनिटं एकटाच वाजवीन, माझ्या छातीत तेवढंच आहे. दर्शनी काचेत तशी पाटी लागली होती. गावात लोक थांबून ती पाटी दोनदा वाचत होते. पुन्हा अय्यांचं नादस्वरम ऐकायला मिळणार की नाही, हा त्या आठवड्यात कुंभकोणमचा एकच प्रश्न होता.

अय्यांनी कोलू वरून खाली पाहायला सुरुवात केली, पाहायचा तसाच. देवांना हात जोडले. दुसऱ्या पायरीवर नजर आली आणि थांबली. तिथं शिष्य होता, अकरा वर्षांचा, हातात स्वतःपेक्षा उंच वाटणारं नादस्वरम. तो काचेत लागला होता तेव्हाचा फोटो. मग अय्या स्वतःला शोधत खाली आले. तिसरी, चौथी, पाचवी. काठीवर वाकत वाकत सातव्या पायरीवर त्यांना ते स्वतः सापडले, हार घालून खुर्चीत बसलेले. त्यांच्या वडिलांचा समज होता की कॅमेरा वादकाचा श्वास खातो, म्हणून अय्यांनी साठीशांतीपर्यंत एकदाही फोटो काढू दिला नव्हता. रजिस्टरात त्यांचा नंबर शिष्याच्या कितीतरी मागे.

“हे कुणी मांडलं?” त्यांनी विचारलं.

“मी,” मी म्हटलं, आणि देवा रे, किती अभिमानानं म्हटलं. “नंबराप्रमाणे.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “तो आधी आला.”

त्यांनी उसळीचा द्रोण घेतला, स्टुडिओवाल्याच्या बायकोला आशीर्वाद दिला आणि जिना उतरून गेले. मी पुढच्या माणसाला पद्धत समजावून द्यायला लागले. स्टुडिओवाल्याची बायको माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, “टीचरम्मा, तुम्ही शिष्याला गुरूच्या डोक्यावर उभं केलंत.”

रजिस्टरात दोन नंबर होते. त्या दोन नंबरांचं एकमेकांशी काय नातं, ते रजिस्टरात नव्हतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, आणि तरी क्रम लावताना मला आकड्यांपलीकडे काही दिसलं नाही. तासाभरात अय्यांच्या घरून फोन आला: सातव्या माळेला ते येणार नाहीत. तुमचे आजोबा म्हणाले, “अय्यांचं वाजवणं पुरतं बंद पाडणं नऊ वर्षांत शिष्यालाही जमलं नाही, ते तू एका पेन्सिलीनं केलंस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी गाळत होते तेव्हा दारात शिष्य उभा. कुणीतरी कोलूचा फोटो त्याच्या मोबाइलवर पाठवला होता आणि पापनाशमहून पहिल्या बसनं तो आला होता. आता पन्नाशीकडे झुकलेला, दाढी न केलेला माणूस. उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हता.

“टीचरम्मा,” तो म्हणाला, “माझ्यावर एवढा राग होता तर मला मांडायचंच नव्हतं. पाया पडतो, मला खाली घ्या.”

मी चपला घातल्या आणि त्याला घेऊन स्टुडिओत गेले. मला वाटलं, हात लावायचा, दोन कटआउटांची अदलाबदल करायची, झालं. पण स्टुडिओवाल्याची बायको कोलूसमोर आडवा हात करून उभी राहिली. अमावास्येला मांडलेला कोलू दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही. एक बाहुली सुद्धा नाही. तिच्या आईनं हलवला नाही, सासूनं हलवला नाही. नवरा म्हणाला की मग शिष्यावर एक रुमाल टाकू. ती त्याच्यावर इतकी भडकली की तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. नवरात्रात लेकराच्या तोंडावर कपडा टाकतात का? आणि शिष्य, ज्याचं ते तोंड होतं, मान खाली घालून म्हणत होता, टाका, टाका.

एका बाजूला कोलूचा नियम, दुसऱ्या बाजूला गुरूचा. मी खुर्चीत बसले आणि मनात दोन्ही नियम नीट, शब्दशः मांडून पाहिले. मग मी तिला विचारलं, “हलवायचं नाही. पण वाढवायचं चालतं का?”

ती विचारात पडली. नवी बाहुली कुणी आहेरात दिली तर मधल्या दिवशी ठेवता येते, म्हणाली. तिच्या आईकडे ठेवली होती. मग मी भराभर बोलत सुटले, की हा फोटो स्टुडिओ आहे, इथं माणूस एकदाच छापला पाहिजे असं थोडंच आहे? अय्यांचा नवा फोटो काढा. शिष्याच्या फोटोपेक्षा मोठा करा. दुसऱ्या पायरीवरच, मुलाच्या मागे एक छोटा पाट ठेवा आणि त्या पाटावर अय्या बसलेले दाखवा. गुरू पाटावर, मुलगा पुढ्यात उभा. म्हणजे कोलूही हलला नाही आणि गुरूही वर गेले. स्टुडिओवाल्यानं टाळी वाजवली. बायकोनं लगेच पाट कुठला ते ठरवून टाकलं.

अय्यांना विचारायला मी आणि स्टुडिओवाला गेलो. शिष्य आमच्यामागून आला, पण अय्यांच्या गल्लीत समोरच्या घराच्या सावलीत थांबला. नऊ वर्षांत त्यानं अय्यांचा उंबरा ओलांडला नव्हता. आत अय्या ओसरीवर बसले होते. मी आधी माफी मागितली. शिक्षिकेला सवय नसते, पण नीट मागितली. ते म्हणाले, आकडे तुमचे, त्यात तुमचा दोष नाही. मग स्टुडिओवाल्यानं फोटोचं काढलं: नुसतं नादस्वरम ओठाला लावून बसा, वाजवू नका, दोन मिनिटांचं काम.

अय्या त्याला म्हणाले, “फोटोसाठी मी ते ओठाला लावणार नाही. ओठाला लावलं तर वाजवीन. आणि माझ्या छातीत किती उरलंय ते तुला माहीत आहे.”

दुसऱ्या वादकाचं नाव कुणी काढायचं? माझीच चूक होती, म्हणून मीच बोलले. म्हटलं, “दुसरा बाहेर सावलीत उभा आहे.”

अय्यांनी रस्त्याकडे पाहिलं नाही. बराच वेळ पंच्याची घडी घालत बसले. नादस्वरमच्या तोंडाशी बोटाएवढीही नसलेली एक पाती असते, तिला इथं सीवाळी म्हणतात. ती नसेल तर सगळं वाद्य नुसतं लाकूड. अय्या स्टुडिओवाल्याला म्हणाले, “त्याला विचार, सीवाळी आणली आहे का. का ती पण लग्नघरी विसरला?”

स्टुडिओवाला, साठ वर्षांचा माणूस, ओसरीवरून उडी मारून पळाला.

शिष्यानं सीवाळी आणली होती. सदऱ्याच्या खिशात, डबीत, कागदात गुंडाळून. वाद्य पापनाशमला होतं, सीवाळी खिशात. तो ओसरीपुढे आला आणि अंगणातच लोटांगण घालून पडून राहिला. अय्या म्हणाले, “ऊठ. सदरा मळला. तुझ्या लग्नवाल्यांना चालत नसेल.” नऊ वर्षांनंतर पहिलं वाक्य हे. शिष्य पडल्या पडल्या हसायला लागला, आणि मग ते हसणंच होतं की काय ते मी पाहिलं नाही, दुसरीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या माळेला दुपारी, फोटो काढायचा ठरला. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, म्हणजे सगळ्या गावाला कळलं. मी जिना चढले तेव्हा पायरीपायरीवर माणसं बसली होती आणि खाली रस्त्यावर सायकली आडव्या. उत्तरेच्या उजेडात अय्या पाटावर बसले. शिष्य त्यांच्या डाव्या हाताला, पाटावर नाही, जमिनीवर, अर्धा हात मागे. स्टुडिओवाल्यानं कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला.

अय्यांनी तोडी राग सुरू केला. पहिला सूर फाटला. कुणीही हललं नाही. दुसरा लागला. आणि बाळांनो, तो सूर लांबत गेला, लांबत गेला, मला कळलं की आता यांचा श्वास संपणार, मी माझाच श्वास धरून बसले, आणि तो सूर संपलाच नाही. मी शिष्याच्या गालांकडे पाहिलं तेव्हा कळलं की केव्हाच त्यानं तो उचलला होता. अय्यांनी ओठ काढले होते, डोळे मिटले होते आणि सूर तिथंच होता. मग अय्या पुन्हा आत शिरले. चौदा वर्षं शेजारी बसून ज्यानं हा श्वास मोजला त्यालाच हे जमणार. दहा मिनिटांची छाती म्हणाले होते. पंचवीस मिनिटं झाली. नादस्वरमच्या साथीला तविल नावाचा ढोल असतो, जिन्यावरच्या एका तविल वादकाला राहवेना, तो प्लायवूडच्या उरलेल्या तुकड्यावर बोटांनी ताल धरायला लागला आणि कुणी त्याला गप्प केलं नाही.

संपलं तेव्हा खाली रस्त्यावरूनही आवाज आला. स्टुडिओवाल्याची बायको नवऱ्याजवळ गेली आणि म्हणाली, “दाखवा, कसा आला?”

स्टुडिओवाला कॅमेऱ्यामागे उभा. बोट बटणावर. त्यानं एकदाही बटण दाबलं नव्हतं. वडिलांपासून त्या घरात कॅमेरा चालतो आहे, आणि आयुष्यात ज्या फोटोसाठी एवढी धावपळ केली तोच त्यानं काढला नाही. लाजेनं त्याचे कान लाल झाले. तुमचे आजोबा मोठ्यानं म्हणाले, “नशीब, याचा नंबर रजिस्टरात पडला नाही.” सगळे हसले. अय्या सगळ्यांत जास्त.

“मग काय,” अय्या शिष्याला म्हणाले, “पुन्हा वाजवावं लागेल.” आणि पाती ओली करायला तोंडात धरली.

फोटो निघाला. चौथ्या माळेला कापला, पाचवीला पाटावर बसला. सातव्या माळेला पाटीप्रमाणे कार्यक्रम झाला. एवढी माणसं त्या माडीवर मावतात हे मला माहीत नव्हतं. नवमीला वाद्यं पूजेत ठेवली. दसऱ्याला सकाळी शिष्यानं गुरूंच्या घरी जाऊन पहिला पाठ घेतला, अकरा वर्षांच्या मुलानं घ्यावा तसा.

सगळं गोड झालं असं समजू नका. शिष्याचा ताफा पापनाशमला आहे तो आहेच, लग्नं वाजवतोच, आणि अय्या त्याला त्यावरून टोमणे मारतातच. नऊ वर्षं कुणालाच परत मिळत नाहीत. उन्हाळ्यात अय्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं होतं आणि आता त्यांची छाती आणखी कमी झाली आहे. पण दर शुक्रवारी संध्याकाळी शिष्य बसनं येतो आणि दोघं स्टुडिओच्या माडीवर बसतात. कालही बसले होते. अय्या पाच मिनिटं वाजवतात, शिष्य पंधरा, आणि ऐकताना कुठलं कुणाचं ते अजूनही सांगता येत नाही.